तीस-पस्तीस की अठ्ठावीस-एकोणचाळीस?

जपानच्या गुन्मा प्रांतातल्या ओता शहरात सुबारूचा कारखाना आहे. तिथे एकाच असेंब्ली लाइनवर दोन छोट्या, दोन-दारी स्पोर्ट्स कार तयार होतात : सुबारू बीआरझेड आणि टोयोटा जीआर८६. दोघींची लांबी ४२६५ मिलिमीटर, रुंदी १७७५, उंची १३१०. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २५७५. इंजिन २३८७ सीसीचं, ताकद २३५ पीएस. गिअरबॉक्स तोच, डिफरन्शियल तोच; दारं, काचा, छप्पर, आसनं सगळं तेच. दोन्ही माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवली तर छपाईची चूक झाली असावी असं वाटेल. पण दोन्ही गाड्या एकाच घाटातून नेणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या वळणाशी सांगू शकतो की आपण कुठल्या गाडीत बसलो आहोत. एरवी दोन गाड्यांमध्ये निवड करताना आपण जादा काय मिळतं ते मोजतो. इथे तो हिशेब चालत नाही. वळण कसं घ्यावं याबद्दल दोन जाणकारांची दोन मतं आहेत, आणि आपल्याला त्यातल्या एकाच्या बाजूने उभं राहायचं आहे. ती मतं गाडीत नेमकी कुठे लिहून ठेवली आहेत, ते जवळून पाहण्यासारखं आहे.

आधी नातं समजून घेऊ. २००५ मध्ये टोयोटाने फुजी हेवी इंडस्ट्रीजमधला, म्हणजे सुबारूच्या कंपनीतला, जनरल मोटर्सच्या हिश्शाचा एक भाग घेतला. त्यातून जी संयुक्त कामं निघाली त्यांतलं सर्वांत देखणं काम ही गाडी. टोयोटाचे मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांच्याकडे तिची सूत्रं होती. कल्पना आणि रूप टोयोटाचं, इंजिन आणि बांधणी सुबारूची, अशी ढोबळ वाटणी होती. २००९ च्या तोक्यो मोटर शोमध्ये तिचं पहिलं रूप दिसलं, २०१२ मध्ये दोन्ही गाड्या बाजारात आल्या. आपण वाचतो आहोत ती दुसरी पिढी. यातली बीआरझेड नोव्हेंबर २०२० मध्ये, तर जीआर८६ एप्रिल २०२१ मध्ये जगापुढे आली. मुळं मात्र बरीच खोल आहेत. टोयोटाने १९६५ मध्ये स्पोर्ट्स ८०० नावाची चिमुकली गाडी काढली होती. तिचं इंजिन ७९० सीसीचं, दोन सिलिंडर आडवे, समोरासमोर. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, वजन सुमारे ५८० किलो. आणि सुबारूचा वंश जातो १९१७ साली याच ओता परिसरात सुरू झालेल्या नाकाजिमा विमान कंपनीपर्यंत. हलक्या गाडीची हौस एका घरातून आली आणि विमान बांधणाऱ्यांची काटेकोर शिस्त दुसऱ्या घरातून. असं कूळ ठरवून मिळत नाही. या गाडीला ते मिळालं.

आता बॉनेट उघडू. आत जे दिसतं त्याहून जे दिसत नाही त्याचं कौतुक आधी करायला हवं : इंजिन इतकं खाली बसलं आहे की वरून पाहणाऱ्याला बरीचशी मोकळी जागाच दिसते. हे बॉक्सर इंजिन. चार सिलिंडर उभे नाहीत, आडवे झोपलेले आहेत. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात, एकाच वेळी आत येतात, म्हणून एकाचा धक्का दुसरा परस्पर जिरवतो. चार सिलिंडरच्या उभ्या इंजिनातला थरकाप मारायला पुष्कळदा जे वेगळे बॅलन्स शाफ्ट बसवावे लागतात, त्यांची इथे गरजच पडत नाही. १९६६ च्या सुबारू १००० पासून ही कंपनी असली इंजिनं बनवते आहे. पण सुबारूच्या नेहमीच्या गाड्यांत चारही चाकांना जोर द्यायचा असतो. पुढच्या चाकांचं डिफरन्शियल मध्ये येतं आणि इंजिन पार नाकात सरकतं. या गाडीतून पुढच्या चाकांची ती सगळी यंत्रणाच काढून टाकली. मोकळ्या झालेल्या जागेत इंजिन खालीही आलं, मागेही आलं. पहिल्या पिढीतच गुरुत्वमध्य जमिनीपासून ४६० मिलिमीटरच्या आसपास आला होता, म्हणजे माणसाच्या गुडघ्याच्या उंचीला. पुढच्या-मागच्या चाकांवर वजनाची वाटणी ५३ : ४७. काहीही न जोडता, फक्त काही काढून टाकून साधलेला हा तोल आहे, आणि मला तो या गाडीतला सर्वांत बुद्धिमान निर्णय वाटतो.

सुबारूच्या या इंजिनात टोयोटाची सहीसुद्धा आहे. डी-४एस नावाच्या टोयोटाच्या पद्धतीत प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर असतात. एक थेट सिलिंडरच्या पोटात पेट्रोल सोडतो, दुसरा हवेच्या वाटेवर. इंजिनाचा वेग आणि भार पाहून कधी एक, कधी दोन्ही काम करतात. थेट फवाऱ्याने आतली हवा थंड होते, म्हणून १२.५ : १ इतका चढा दाब पेलतो. वाटेवरच्या फवाऱ्याने मिश्रण नीट घोटलं जातं आणि झडपाही धुतल्या जातात. पहिल्या पिढीच्या इंजिनावर तर दोन्ही घरांची नावं धातूत उठवलेली होती, एकीकडे टोयोटा डी-४एस, दुसरीकडे सुबारू बॉक्सर. श्रेय असं धातूत कोरून वाटून घेणाऱ्या कंपन्या फार नाहीत.

पहिल्या पिढीचं इंजिन १९९८ सीसीचं होतं. सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर, पिस्टनची धावही ८६. ताकद २०० पीएस आणि टॉर्क २०५ न्यूटन-मीटर, तोही ६४०० आरपीएमच्या पुढे. मधल्या टप्प्यात, साधारण ३५०० च्या वर, टॉर्कमध्ये एक खड्डा होता. वळणातून बाहेर पडताना नेमका तिथे पाय पडला की गाडी क्षणभर श्वास रोखल्यासारखी वाटायची. टर्बो बसवा, असा आग्रह गाडीच्या चाहत्यांनी वर्षानुवर्षं धरला. दुसऱ्या पिढीत उत्तर आलं ते निराळं. व्यास वाढवून ९४ केला, धाव ८६ च ठेवली. टॉर्क २५० न्यूटन-मीटर झाला, आणि तो आता ३७०० आरपीएमलाच हाती येतो. ज्या ठिकाणी खड्डा होता त्याच ठिकाणी शिखर उभं केलं! टर्बोने ताकद आणखी वाढली असती, पण त्याबरोबर नाकात उष्णता आणि वजन आलं असतं, आणि पाय दाबल्यापासून जोर येईपर्यंतची ती छोटी वाट पाहणंही. टोयोटाच्या आकड्यांनुसार शंभराचा वेग गाठायला आधीच्या गाडीला ७.४ सेकंद लागत, हिला ६.३ लागतात. ताकद वाढवतानाही पाय आणि चाक यांच्यामध्ये तिसऱ्या कुणाला येऊ दिलं नाही, याची दाद द्यायलाच हवी.

वजनाकडेही असंच पाहावं. दुसरी पिढी सुमारे १२७० किलोची. इंजिन मोठं झालं, अंगाचा ताठपणा वाढला, सुरक्षेची साधनं वाढली, तरी आधीच्या गाडीपेक्षा वाढ फार थोडी. बॉनेट, पुढचे मडगार्ड आणि आता छप्परही ॲल्युमिनियमचं. छपरातला एक किलो हा जमिनीलगतच्या एका किलोपेक्षा महाग असतो, कारण वळणात तो लांब हाताने गाडीला बाहेर ओढतो. आसन आधीपेक्षा पाच मिलिमीटर खाली आणलं. पाच मिलिमीटर म्हणजे दोन-तीन नाण्यांची चवड. पण बसणारा माणूस हे या गाडीतलं एक मोठं सुटं वजन आहे, आणि शिवाय कंबर हेच त्याचं गाडी वाचण्याचं इंद्रिय. मागचं चिमुकलं आसन एकसंध दुमडतं आणि त्यावर चार सुटी चाकं मावतात. ती सर्किटवर न्यावीत, तिथे बदलावीत, दिवसभर गाडी पळवावी आणि त्याच गाडीने घरी यावं, हा हिशेब आराखड्यातच धरलेला आहे. हँडब्रेकही बटणाचा नाही, हाताने ओढायच्या दांड्याचा. मालक गाडीचं काय करणार, हे बनवणाऱ्याने आधीच ओळखलेलं आहे.

इथपर्यंत दोघी एक आहेत. फरक सुरू होतो तो चेहऱ्यापासून, आणि चेहऱ्याचा फरक सर्वांत कमी महत्त्वाचा. बीआरझेडची जाळी षट्कोनी, सुबारूच्या घराण्यातली. जीआर८६ ची चौकटीकडे झुकणारी, आत बारीक वीण असलेली. दिव्यांच्या आतल्या रेषाही निराळ्या. थांबून पाहावी ती दोघींत सारखी असलेली एक गोष्ट : पुढच्या चाकामागे मडगार्डला पाडलेली उभी खाच. असल्या खाचा आजकाल अनेक गाड्यांवर दिसतात आणि हात घातला तर मागे प्लास्टिक लागतं. इथे ती खरोखर उघडी आहे. चाकाच्या खोबणीत कोंडलेली हवा तिथून बाहेर पडते आणि गाडीच्या कुशीला चिकटून मागे जाते. नटवणारी वस्तूच कामाची निघावी, यात कारागिराचा प्रामाणिकपणा दिसतो.

मतभेदाचा खरा मजकूर गाडीच्या पोटाखाली आहे, आणि तो चार आकड्यांत मावतो. बीआरझेडची पुढची स्प्रिंग ३० न्यूटन प्रति मिलिमीटर, मागची ३५. जीआर८६ ची पुढची २८, मागची ३९. म्हणजे बीआरझेडची पुढची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला ३० न्यूटन, साधारण तीन किलोचा भार लागतो. ८६ मध्ये थोडा कमी. मागे याच्या उलट. नुसते हे आकडे पाहून मागची बाजू पुढच्यापेक्षा कडक आहे असं म्हणता येत नाही. मागच्या डबल विशबोन रचनेत स्प्रिंग चाकापासून आत बसते, तरफेचा हिशेब पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटपेक्षा वेगळा पडतो. वाचायचं ते गुणोत्तर. बीआरझेडमध्ये मागची स्प्रिंग पुढचीच्या १.१७ पट, ८६ मध्ये १.३९ पट. पुढून दोन काढले, मागे चार घातले, आणि गाडीचा स्वभाव फिरला. इतक्या कमी शब्दांत इतकं ठाम मत मांडलेलं मी यंत्रांच्या जगात क्वचित पाहिलं आहे.

हे कसं घडतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. वळणात गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. एकूण किती सरकणार ते वेग, वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधलं आडवं अंतर यांवर ठरतं. स्प्रिंगांना त्यात फारसं काही करता येत नाही. त्यांच्या हाती एवढंच असतं, की या सरकत्या भारातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या. जी बाजू कडक, तिच्याकडे वाटा मोठा. आणि टायरचा धर्म असा, की त्याच्यावरचा भार दुप्पट केला तरी पकड पूर्ण दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. म्हणजे बाहेरच्या चाकाने कमावलेली पकड आतल्या चाकाने गमावलेल्या पकडीची भरपाई करू शकत नाही. ज्या बाजूला ही देवघेव जास्त, त्या बाजूची एकूण पकड उणी. ८६ ने ती देवघेव मागे ढकलली, म्हणून तिचं शेपूट लवकर सैल होतं. बीआरझेडने ती पुढे ठेवली, म्हणून तिचं नाक थोडं आधी थकतं आणि शेपूट जागेवर राहतं. टायर तोच, रस्ता तोच. फक्त वाटणी बदलली, आणि त्या वाटणीतून दोन माणसांसारखे दोन स्वभाव उभे राहिले.

स्प्रिंगांनी मांडलेला मुद्दा अँटी-रोल बारने ठसवला आहे. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी आणि गाडी कलली की पीळ खाऊन तिला रोखणारी ही लोखंडी दांडी. मागची दांडी बीआरझेडमध्ये १४ मिलिमीटर जाड, ८६ मध्ये १५. एक मिलिमीटर किरकोळ वाटेल. पण भरीव दांडीचा पीळ-विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. पंधराचा चौथा घात भागिले चौदाचा चौथा घात, उत्तर येतं सुमारे १.३२. नखाएवढ्या जाडीत जवळपास एक तृतीयांश कडकपणा वाढला. शिवाय बीआरझेडमध्ये ही दांडी थेट गाडीच्या अंगाला जखडली आहे, ८६ मध्ये मधल्या सबफ्रेमला. थेट जखडलेल्या दांडीचं म्हणणं अंगापर्यंत मध्ये न झिरपता पोहोचतं, म्हणून सुबारूला बारीक दांडी पुरली. पुढे बीआरझेडची दांडी १८.३ मिलिमीटरची पण पोकळ, ८६ ची १८ ची पण भरीव. पीळ सोसताना दांडीच्या गाभ्यातला धातू फार थोडं काम करतो, म्हणून तो काढून टाकला तरी ताकद फारशी जात नाही, वजन मात्र जातं. पुढचं चाक ज्यावर बसतं ते नकलही बीआरझेडमध्ये ॲल्युमिनियमचं आहे, ८६ मध्ये लोखंडी. स्प्रिंगच्या खालचं हे वजन रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्याबरोबर नाचतं, आणि ते जितकं कमी तितका टायर रस्त्याला चिकटून राहतो. गिऱ्हाइकाच्या नजरेला जन्मात पडणार नाही अशा ठिकाणी सुबारूने केलेला हा खर्च मला फार मोलाचा वाटतो.

आता हे सगळं एका वळणात पाहू. त्सुकुबासारख्या छोट्या सर्किटवरचं दुसऱ्या गिअरचं एखादं आवळ वळण घ्या. ब्रेक दाबला, गिअर खाली आणला, स्टेअरिंग फिरवलं. बीआरझेडचं नाक ठाम उत्तर देतं. कडक पुढची स्प्रिंग कमी दबते, त्यामुळे हाताने केलेली हालचाल चाकापर्यंत लगेच आणि तेवढीच पोहोचते. वळणाच्या मध्यावर वेग थोडा जास्त झाला तर पुढचे टायर कुरकुरायला लागतात, स्टेअरिंगमधलं ओझं किंचित हलकं होतं, आणि पाय जरासा सैल केला की नाक पुन्हा आत येतं. ही सूचना आहे, आणि ती सभ्यपणे, वेळ देऊन केलेली आहे. बाहेर पडताना पाय दाबला की टॉर्सन डिफरन्शियल पकड असलेल्या चाकाकडे जोर वळवतं, गाडी मागच्या चाकांवर बसते आणि निघते. शेपूट हलवायचं असेल तर हलतं, पण तुम्ही सांगाल तेव्हा. चालकाचा शब्द शेवटचा ठेवणारी ही गाडी आहे.

त्याच वळणात ८६ चं म्हणणं वेगळं पडतं. ब्रेक पूर्ण न सोडता स्टेअरिंग फिरवलं की मऊ नाक थोडं खाली झुकतं, पुढच्या टायरांवर भार बसतो, आणि मागची बाजू हलकी होऊन फिरायला लागते. बीआरझेडमध्ये वळण हाताने सुरू होतं. इथे ते कमरेखाली सुरू होतं. गाडीचं तोंड वळणाच्या आतल्या कडेकडे अपेक्षेआधी फिरलेलं असतं. स्टेअरिंग उलट दिशेला जरासं सोडावं लागतं, आणि त्या क्षणी पायाचं काम हाताच्या बरोबरीचं होतं. दोन्ही कंपन्यांनी एक्सलरेटर आणि इलेक्ट्रिक स्टेअरिंग यांची जुळणीही आपापली ठेवली. ८६ चा एक्सलरेटर पहिल्या दाबालाच हुशारीने उठतो. बीआरझेडचा पायाच्या मापाने, सरळ चढत जातो. ८६ मध्ये चूक लवकर कळते आणि दुरुस्तही लवकर करावी लागते. ज्याला गाडीशी सतत बोलत राहायला आवडतं त्याला ती एका वळणात जिंकते, आणि तिचा तो उत्साह कुठेही उसना वाटत नाही.

हा उत्साह आला कुठून, तेही पाहायला हवं. ८६ हा आकडा १९८३ च्या एई८६ कोरोलाचा. १५८७ सीसीची, मागच्या चाकांवर चालणारी ही साधी, स्वस्त गाडी जपानच्या घाटांत तरुणांनी अक्षरशः घसरवत घासली. पुढे शुइची शिगेनो यांच्या ‘इनिशियल डी’ या मांगाने, म्हणजे जपानी चित्रकथेने, तिला अजरामर केलं. तोफूच्या दुकानातला मुलगा रात्री तीच गाडी घेऊन डोंगर उतरतो, ही कथा गुन्मातली आहे, आणि तिच्यातला अकिना डोंगर म्हणजे गुन्मातलाच हारुना. ज्या प्रांतात त्या आकड्याची दंतकथा घडली, त्याच प्रांतात आज त्या आकड्याची गाडी बनते, आणि तीही सुबारूच्या हातून. म्हणून टोयोटाने शेपटाला मोकळीक दिली ती आपल्या वारशाला जागून. सुबारूचा वारसा वेगळा. १९९५, १९९६ आणि १९९७ अशी सलग तीन वर्षं जागतिक रॅलीचं उत्पादकांचं विजेतेपद जिंकताना ती चिखलात, बर्फात, खडीवर चारही चाकांनी रस्ता धरून ठेवायला शिकली. चार चाकांऐवजी दोनच चाकांना जोर देण्याची वेळ आली तेव्हाही ती सवय सुटली नाही. पहिल्या पिढीतही बीआरझेडचं नाक कडक आणि ८६ ची पाठ कडक होती. दोन्ही घरांनी आपलं मत पिढी बदलली तरी बदललं नाही, आणि इमान राखण्याची ही रीत गाडीच्या पोटाखाली वाचायला मिळते.

टायरांबद्दल सावध राहायला हवं, कारण तिथे वाचन सहज चुकतं. पहिल्या पिढीला १७ इंची मिशेलिन प्रायमसी एचपी टायर दिला होता, प्रियससारख्या काटकसरी गाडीलाही चालणारा. टीकाकारांनी त्यावर पुष्कळ लिहिलं, पण तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. पकड मर्यादित ठेवली तर गाडीचा तोल कमी वेगातच जाणवतो, आणि साध्या चालकालाही मर्यादेजवळ जाण्याचा आनंद मिळतो. दुसऱ्या पिढीत वरच्या प्रतींना १८ इंची, २१५/४० आकाराचा पायलट स्पोर्ट ४ टायर येतो, खालच्या काही प्रतींना अजूनही प्रायमसी. आता समजा एक बीआरझेड अठरावर आणि एक ८६ सतरावर चालवून कुणी निकाल दिला, तर तो निकाल टायरांचा झाला, गाड्यांचा नव्हे. स्प्रिंगांच्या चार न्यूटनांपेक्षा या दोन टायरांमधलं अंतर कितीतरी मोठं आहे. टायर गाडीच्या मर्यादेचे मालक असतात आणि स्प्रिंग फक्त तिथवरचा रस्ता ठरवते, हे ज्याने ओळखलं त्याने ही गाडी नीट वाचली.

या दोन्ही गाड्या भारतात अधिकृतपणे विकल्या जात नाहीत. पण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, जपानमध्ये राहणाऱ्या मराठी माणसापुढे ही निवड खरोखर येऊ शकते. शोरूममध्येही आणि जुन्या गाड्यांच्या बाजारातही. आणि इथे महाराष्ट्रात बसलेल्या वाचकालाही हे वाचन उपयोगी पडेल. चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या सख्ख्या बहिणी बाहेर पडतात. एकाच पायावर, त्याच दीड लिटरच्या, १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटरच्या टर्बो इंजिनासह. अशा जोडीतून निवडताना पडद्याचा आकार आणि आसनांचा रंग यांच्या पुढे जाऊन टायर, स्प्रिंग, स्टेअरिंगचं वजन, ब्रेक सोडताना गाडी काय करते, हे विचारण्याची सवय ओताच्या या जुळ्या लावतात.

आता कौल. ज्याच्या जवळ बंदिस्त सर्किट आहे, ज्याला मागच्या चाकांवरची गाडी आधीपासून हाताळता येते आणि जो आठवड्याचे पाच दिवस दुसऱ्या वाहनाने फिरतो, त्याने जीआर८६ घ्यावी. तिच्यासारखं शेपूट आज नव्या गाडीत, इतक्या कमी वजनात आणि टर्बोशिवाय फारसं कुठे मिळत नाही. जो रोज त्याच गाडीने कामावर जातो, ज्याच्या रस्त्यावर पाऊस पडतो आणि ज्याला मागच्या चाकांची भाषा अजून शिकायची आहे, त्याने बीआरझेड घ्यावी. मला दोघींतून एकच ठेवायची झाली तर मी बीआरझेड ठेवीन. ८६ ची पाठ वळण आधीच सुरू करते आणि त्यात मजा आहे. पण जमिनीलगत आणलेलं इंजिन, हलकं केलेलं छप्पर, ५३ : ४७ चा तोल हे सगळं इतक्या कष्टाने घडवलं ते स्वच्छ ऐकू यावं म्हणून, आणि ते बीआरझेडमध्ये अधिक स्वच्छ ऐकू येतं. तरी माझ्या शब्दावर पैसे भरू नका. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच टायरवर चालवा. ब्रेक सोडण्याच्या क्षणी गाडीचा कुठला भाग आधी बोलतो ते ऐका. ज्या गाडीचं बोलणं तुम्हाला लगेच समजेल, ती तुमची.